रस्ता, धरण आणि तडा : तिन्हींचं गणित सोपं करणारा हॅराल्ड वेस्टरगार्ड

कर्वेनगरच्या एखाद्या गल्लीत नवा काँक्रीटचा रस्ता होत असेल तर एक दृश्य हमखास दिसतं. काँक्रीट ओतून जेमतेम घट्ट झालेलं असतं आणि एक कामगार गोल पात्याचं कटर घेऊन येतो. चांगल्या गुळगुळीत रस्त्यावर तो ठरावीक अंतरानं आडव्या चिरा पाडत जातो. बाल्कनीत उभं राहून बघणाऱ्या काकांना प्रश्न पडतो, आत्ताच केलेला रस्ता हे लगेच कापतायत कशाला?

कारण साधं आहे. काँक्रीट वाळताना आकसतं आणि त्याला तडा जातोच. तो कुठंही वेडावाकडा जाण्यापेक्षा आपण आखलेल्या चिरेखाली सरळ रेषेत गेलेला बरा. त्यामुळं रस्त्याचे वेगवेगळे चौकोन तयार होतात. आता पुढचा प्रश्न. या चौकोनावरून दिवसभर पीएमटी आणि पाण्याचे टँकर धडधडत जाणार. मग त्याची जाडी किती ठेवायची? मधे जास्त ताण येतो, कडेला येतो की कोपऱ्यात?

याच कर्वेनगरच्या कडेनं मुठा वाहते. राजाराम पुलावर उभं राहून वरच्या दिशेला बघितलं तर नदीच्या वाटेवर खडकवासला आहे, त्याच्याही वर पानशेत, वरसगाव आणि टेमघर. १२ जुलै १९६१ रोजी बांधकाम सुरू असलेलं पानशेतचं मातीचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला फुटलं आणि नदीकाठचं पुणं पाण्यात गेलं. त्यामुळं धरणाची भिंत किती भक्कम आहे हा प्रश्न इथल्या लोकांसाठी पुस्तकी नाही.

गल्लीतला रस्ता आणि नदीवरचं धरण यांचा एकमेकांशी काय संबंध, असं वाटू शकतं. पण दोन्हीकडं एकच भीती असते. हलता, आदळता भार आला की काँक्रीटला तडा जाईल का आणि गेला तर तो वाढेल का? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एका माणसानं रस्ता, धरण आणि तडा या तिन्ही प्रश्नांवर अशी गणितं मांडली की ती साधा अभियंता कागद-पेन्सिल घेऊन सोडवू शकेल. सिव्हिल आणि मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या जगात त्याचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. बाहेर मात्र फारसं कुणाला माहीत नाही.

त्याचं नाव हॅराल्ड माल्कम वेस्टरगार्ड. आणि त्याच्या गणिताची एक मोठी परीक्षा झाली ती आपल्या महाराष्ट्रात, कोयनेला.

आजोबा भाजे-बेडसे बघून गेले होते

वेस्टरगार्डचा जन्म ९ ऑक्टोबर १८८८ रोजी डेन्मार्कची राजधानी कोपनहेगनमध्ये झाला. घरात पिढीजात प्राध्यापकी होती. वडील हॅराल्ड लुडविग वेस्टरगार्ड कोपनहेगन विद्यापीठात अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र शिकवायचे. आजोबा निल्स लुडविग वेस्टरगार्ड तर संस्कृत आणि जुन्या इराणी भाषांचे मोठे पंडित.

या आजोबांचं पुण्याच्या परिसराशी एक जुनं नातं आहे. १८४१ ते १८४४ या काळात ते भारत आणि इराणच्या प्रवासाला आले होते. तेव्हा कार्ल्याजवळच्या भाजे आणि बेडसे इथल्या बौद्ध लेण्यांवर त्यांनी लिहिलेली माहिती मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात १८४४ मध्ये छापून आली. लोणावळ्याला जाताना आपण ज्या लेण्यांच्या पाट्या बघतो, त्यांच्याविषयीच्या सुरुवातीच्या इंग्रजी लिखाणात त्याची गणना होते.

आजोबा दगडात कोरलेली लिपी वाचायचे. नातू दगड आणि काँक्रीट कुठं फुटेल हे वाचायला शिकला.

युरोपातून थेट इलिनॉय

कोपनहेगनच्या तांत्रिक महाविद्यालयातून हॅराल्ड १९११ मध्ये इंजिनिअर झाला. तिथं त्याला आस्गर ओस्टेनफेल्ड हे शिक्षक लाभले. बांधकामांवर येणारे ताण काटेकोर गणितानं मोजण्यात त्यांचा हातखंडा होता. शिक्षण झाल्यावर वेस्टरगार्डनं कोपनहेगन, हॅम्बुर्ग आणि लंडनमध्ये लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटची कामं केली. तेव्हा हे तंत्र नवं होतं. पूल, गोदामं, इमारती धडाधड उभ्या राहत होत्या आणि त्यांचं गणित मात्र बांधकामाच्या मागून धावत होतं.

प्रत्यक्ष कामावर हे सगळं बघितल्यावर तो पुन्हा अभ्यासाकडं वळला. जर्मनीत ग्योटिंगनला लुडविग प्रान्टल आणि म्युनिकला ऑगस्ट फोपल यांच्याकडं तो शिकला. प्रान्टल म्हणजे वाहत्या हवेचं आणि पाण्याचं शास्त्र ज्यांनी नव्यानं उभं केलं ते. फोपल म्हणजे यंत्रं आणि इमारतींच्या गणिताचे गुरू. थोडक्यात, पाणी कसं वागतं आणि घन वस्तू कशी वागते, हे दोन्ही त्याला त्या त्या विषयातल्या दिग्गजांकडून शिकायला मिळालं. धरणाच्या प्रश्नात पुढं हेच कामाला आलं.

१९१४ मध्ये अमेरिकन-स्कँडिनेव्हियन फाउंडेशनची शिष्यवृत्ती घेऊन तो अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात गेला. त्याच वर्षी युरोपात पहिलं महायुद्ध पेटलं. हॅराल्ड अमेरिकेतच राहिला. १९१६ मध्ये त्यानं इलिनॉयमधून पीएच.डी. मिळवली आणि तिथंच शिकवायला सुरुवात केली.

इलिनॉयमध्ये तेव्हा आर्थर टॅलबॉट नावाचे ज्येष्ठ प्राध्यापक होते. धावत्या गाडीमुळं रेल्वेच्या रुळांवर किती ताण येतो, याच्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाचं नेतृत्व त्यांच्याकडं होतं. त्यांची मुलगी रेचल हिच्याशी वेस्टरगार्डचं लग्न झालं. म्हणजे सासरीही विषय तोच होता, हलता भार आणि त्याचे परिणाम.

रस्ता म्हणजे तरंगणारी फळी

१९२० च्या दशकात अमेरिकेत मोटारी आणि ट्रक झपाट्यानं वाढले. काँक्रीटचे हमरस्ते बांधले जाऊ लागले आणि ते तडकूही लागले. जाडी किती ठेवायची हे बरंचसं अनुभवावर चालायचं. एखादा रस्ता टिकला की पुढचा तसाच करायचा, फुटला की थोडा जाड करायचा.

अमेरिकेच्या सरकारी रस्ते विभागासाठी काम करताना वेस्टरगार्डनं या प्रश्नाला गणितात बसवलं. १९२६ मध्ये त्याचा लेख आला. त्यातली कल्पना इतकी सोपी होती की शाळकरी मुलालाही डोळ्यांसमोर आणता येईल. काँक्रीटचा चौकोन म्हणजे एक फळी आणि ती तरंगतेय एका दाट द्रवावर. फळी जिथं जितकी खाली दबेल, तिथं खालची जमीन तितक्याच प्रमाणात तिला वर ढकलेल. बस. मातीचे सगळे गुंतागुंतीचे गुणधर्म त्यानं एका आकड्यात गुंडाळले.

मग त्यानं चाक तीन ठिकाणी ठेवून बघितलं. फळीच्या मधोमध, कडेला आणि कोपऱ्यात. तिन्हींसाठी वेगळी सूत्रं दिली. चाक मधे असेल तेव्हा भार चहूबाजूंना वाटला जातो. कडेला आलं की एका बाजूचा आधार जातो. कोपऱ्यात तर दोन बाजूंचा आधार जातो आणि काँक्रीटचा कोपरा घराबाहेर काढलेल्या सज्जासारखा वाकतो. म्हणूनच जुन्या काँक्रीट रस्त्यांचे कोपरे त्रिकोणात तुटलेले दिसतात.

खरी माती काही द्रव नसते आणि फळी उन्हानं वर-खाली मुरडते, त्यामुळं पुढं प्रत्यक्ष रस्त्यांवर चाचण्या घेऊन या सूत्रांत दुरुस्त्या झाल्या. पण पाया तोच राहिला. भारतात काँक्रीट रस्त्यांच्या रचनेसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची जी नियमावली आहे, तिच्या आधीच्या आवृत्त्यांत दुरुस्त केलेली वेस्टरगार्डची सूत्रंच वापरलेली होती. आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांमध्ये सिव्हिलची मुलं आजही परीक्षेसाठी ती घोकतात.

धरणाला चिकटलेलं पाणी

१९३० च्या आसपास अमेरिकेत कोलोरॅडो नदीवर एक अवाढव्य धरण आखलं जात होतं. तेव्हा त्याला बोल्डर धरण म्हणायचे, आज आपण त्याला हूवर धरण म्हणून ओळखतो. उंची २२१ मीटर. एवढी उंच काँक्रीटची भिंत आधी कुणी बांधली नव्हती. वेस्टरगार्ड या कामात सल्लागार होता.

इथं एक प्रश्न उभा राहिला. धरणामागचं पाणी शांत असताना भिंतीवर किती दाब टाकतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण भूकंप झाला तर? जमीन हलणार, तिच्याबरोबर भिंत हलणार आणि भिंत पाण्यावर आदळणार. पाणी काही लगेच बाजूला होत नाही. बादलीतल्या पाण्यात हात सपाट धरून जोरात ढकलला की पाणी हाताला जसं अडवतं, तसंच. त्या क्षणी भिंतीवर नेहमीच्या दाबापेक्षा किती जास्त दाब येईल?

काटेकोर उत्तर काढायचं तर पाण्यातून जाणाऱ्या दाबाच्या लाटांची समीकरणं सोडवावी लागतात. वेस्टरगार्डनं ती सोडवली. पण तो तिथं थांबला नाही. त्या लांबलचक उत्तरातून त्यानं एक छोटंसं सूत्र काढलं आणि त्या सूत्राला एक चित्र जोडलं. १९३३ मध्ये अमेरिकन सिव्हिल इंजिनिअर्सच्या सोसायटीच्या ग्रंथात हा लेख आला.

ते चित्र असं. भूकंपात सगळा जलाशय हलतोय असं समजू नका. पाण्याचा एक ठरावीक तुकडा भिंतीला चिकटून बसलाय आणि तो भिंतीबरोबर पुढं-मागं होतोय असं समजा. बाकीचं पाणी विसरा. हा तुकडा वर पृष्ठभागाशी शून्य जाडीचा असतो आणि खाली जाताना जाड होत जातो. तळाशी त्याची जाडी पाण्याच्या एकूण खोलीच्या सात अष्टमांश होते.

आकड्यात बघू. पाणी ९२ मीटर खोल असेल, तर हा कल्पित तुकडा तळाशी सुमारे ८० मीटर जाड असतो आणि निम्म्या खोलीवर सुमारे ५७ मीटर. भिंतीच्या वजनात एवढ्या पाण्याचं वजन मिळवायचं आणि मग भूकंपाचा धक्का द्यायचा. जमिनीचा धक्का गुरुत्वाकर्षणाच्या एक दशांश इतका असेल तर भिंतीवरचा पाण्याचा एकूण रेटा शांत पाण्याच्या रेट्यापेक्षा जवळपास १२ टक्क्यांनी वाढतो. हे गणित करायला तेव्हा फक्त स्लाइड रूल लागायचा.

या लेखावर चर्चा करताना थिओडोर फॉन कारमान या प्रख्यात शास्त्रज्ञानं तर आणखी सोप्या वाटेनं जवळपास तसंच उत्तर काढून दाखवलं. वाट वेगळी, चित्र तेच. त्यामुळं अभियंत्यांचा या पद्धतीवर विश्वास बसला आणि जगभर धरणांच्या कामात ती वापरली जाऊ लागली.

आता इथं एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढं तिच्यावरच सगळं येऊन थांबतं. सोपं चित्र मिळवण्यासाठी वेस्टरगार्डनं काही गोष्टी गृहीत धरल्या होत्या. भिंतीचा पाण्याकडचा चेहरा सरळ उभा आहे. जलाशय मागं लांबच लांब पसरलाय. आणि सगळ्यात महत्त्वाचं, भिंत स्वतः वाकत नाही, ती जमिनीबरोबर अख्खीच्या अख्खी पुढं-मागं होते. ही गृहीतकं त्यानं लपवली नव्हती, लेखात ती मांडलेलीच आहेत.

तड्याच्या टोकाशी काय होतं?

त्याच सुमारास वेस्टरगार्ड तड्याच्या प्रश्नाकडंही वळला. काँक्रीटला तडा गेला की तो किती रुंद होतो आणि त्याच्या आसपास ताण कसा पसरतो, यावर त्यानं आधी लिहिलं होतं. १९३६ मध्ये तो इलिनॉय सोडून हार्वर्डला गेला. १९३७ पासून १९४६ पर्यंत तो तिथल्या इंजिनिअरिंगच्या पदव्युत्तर शाळेचा डीन होता. याच काळात, १९३९ मध्ये, त्याचा तड्यांवरचा सर्वांत गाजलेला लेख प्रसिद्ध झाला.

तड्याचं गणित आधी इंग्लंडमध्ये सुरू झालं होतं. इंग्लिसनं १९१३ मध्ये लांबट भोकाभोवतीचा ताण मोजला. ग्रिफिथनं १९२० च्या सुमारास काचेवर प्रयोग करून तडा कधी वाढतो याचं ऊर्जेच्या हिशोबातून उत्तर दिलं. पण तड्याभोवतीचा ताण काढायची गणितं अवघड होती.

वेस्टरगार्डनं अशी युक्ती शोधली की तड्याभोवतीचा सगळा ताण एकाच फलनातून निघावा. त्यातून एक गोष्ट लख्ख दिसली. तड्याच्या टोकाच्या जितकं जवळ जावं तितका ताण वाढत जातो आणि तो ठरलेल्या पद्धतीनं वाढतो. टोकापासूनचं अंतर एक चतुर्थांश केलं तर ताण दुप्पट होतो. आणि तडा चौपट लांब असेल तर त्याच भाराखाली टोकाची धग दुप्पट होते. म्हणजे तडा जितका मोठा, तितका तो पुढं सरकायला उतावीळ.

तेव्हा या लेखाचा फार गाजावाजा झाला नाही. मग दुसरं महायुद्ध आलं. अमेरिकेनं घाईघाईनं वेल्डिंग करून हजारो जहाजं बांधली आणि त्यांतली काही थंड पाण्यात अचानक तडकली, काहींचे चक्क दोन तुकडे झाले. जानेवारी १९४३ मध्ये स्केनेक्टडी नावाचं नवंकोरं तेलवाहू जहाज पोर्टलंडच्या धक्क्याला शांतपणे उभं असताना दुभंगलं. तड्याचा प्रश्न आता जीवन-मरणाचा झाला होता.

युद्धानंतर अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेतल्या जॉर्ज आयर्विननं वेस्टरगार्डचा लेख हाताशी घेतला. त्यातल्या सूत्रांवरून १९५७ मध्ये त्यानं दाखवलं की तड्याच्या टोकाची सगळी परिस्थिती एकाच आकड्यात सांगता येते. पदार्थाची सहनशक्ती त्या आकड्यापेक्षा जास्त असेल तर तडा थांबून राहील, कमी असेल तर धावत सुटेल. विमानाचे पंख, तेलवाहिन्या, पुलांचे लोखंडी गर्डर यांची तपासणी आज याच आकड्याच्या आधारे होते.

वेस्टरगार्डच्या मूळ सूत्रात एक उणीवही निघाली. ते ठरावीक प्रकारच्या भारालाच पूर्ण लागू होतं आणि इतर भारांसाठी त्यात एक स्थिर पद मिळवावं लागतं, हे सिह या शास्त्रज्ञानं १९६६ मध्ये दाखवलं. दुरुस्ती झाली आणि सूत्र वापरात राहिलं.

हे बघायला वेस्टरगार्ड नव्हता. २२ जून १९५० रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला त्याचं निधन झालं. वय ६१. लवचीकपणा आणि पदार्थांच्या कायमच्या वाकण्यावरचं त्याचं पुस्तक त्याच्यामागं, १९५२ मध्ये बाहेर आलं.

पण त्याचे विद्यार्थी होते. इलिनॉयमध्ये त्याच्या हाताखाली शिकलेला नेथन न्यूमार्क पुढं भूकंप अभियांत्रिकीतला दादा माणूस झाला. धक्क्याचा काळ छोट्या छोट्या तुकड्यांत कापायचा आणि प्रत्येक तुकड्यात इमारत किती सरकली हे क्रमानं मोजत जायचं, ही त्याची १९५९ ची पद्धत. सुरुवातीला हातानं आणि मग कॉम्प्युटरवर ती चालू लागली. कोयनेला ती लागणारच होती.

११ डिसेंबर १९६७, पहाट

सातारा जिल्ह्यात कोयना नदीवर १०३ मीटर उंचीचं धरण उभं राहिलं. महाराष्ट्राला वीज देणारं हे धरण मोठमोठे दगड घातलेल्या काँक्रीटचं आहे आणि स्वतःच्या वजनावर पाणी अडवतं. पायाशी सुमारे ७० मीटर जाड, माथ्याशी सुमारे १५ मीटर. हा भाग भूकंपाचा मानला जात नव्हता. तरी खबरदारी म्हणून भिंतीच्या वजनाच्या ५ टक्के इतका आडवा भार हिशोबात धरला होता.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, सव्वाचार वाजून गेल्यावर, जमीन हादरली. भूकंपाची तीव्रता ६ च्या वर होती. कोयनानगरमधली दगड-मातीची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे १८० माणसं गेली आणि हजारांहून जास्त जखमी झाली. पुण्या-मुंबईतही लोक घराबाहेर धावले.

धरण उभं राहिलं. पण पाहणी झाली तेव्हा भिंतीच्या अनेक भागांवर आडवे तडे दिसले, पाण्याच्या बाजूलाही आणि मागच्या बाजूलाही. बहुतेक तडे एकाच पातळीच्या आसपास होते. पायापासून साधारण ६६ मीटरवर भिंतीचा मागचा उतार एकदम बदलतो आणि तिथं भिंत सुमारे १९ मीटर जाड आहे. धरणाची ती जणू मान. तडे मानेला गेले होते.

धरणाच्या आत बसवलेल्या यंत्रानं धक्क्याची नोंद केली होती. नदीच्या दिशेनं जमिनीचा जास्तीत जास्त धक्का गुरुत्वाकर्षणाच्या ०.४९ पट होता आणि धरणाच्या लांबीच्या दिशेनं ०.६३ पट. हिशोब धरला होता ०.०५ चा.

पण फरक एवढ्या आकड्याचाच नव्हता. प्रश्न गृहीतकाचा होता. जुन्या पद्धतीत भिंत वाकत नाही असं मानायचे आणि पायापासून माथ्यापर्यंत सगळीकडं सारखाच आडवा भार धरायचे. खरी भिंत मात्र वाकते. कोयनेची उंच भिंत सेकंदाला साधारण ३ वेळा डोलू शकते आणि भूकंपातही तशाच वेगाचे हादरे होते. झोका योग्य वेळी ढकलला की तो उंच जातो, तसा भिंतीचा माथा पायापेक्षा कितीतरी जास्त हलला. त्या हेलकाव्याचा सगळा ताण अरुंद मानेवर आला. काँक्रीट दाबाला दणकट असतं, पण ताणाला फार कच्चं.

बर्कलेचे अनिल चोप्रा आणि त्यांचे सहकारी चक्रवर्ती यांनी १९७३ मध्ये कोयनेचा अभ्यास प्रसिद्ध केला. भिंत वाकते हे धरून, खऱ्या धक्क्याची नोंद घेऊन त्यांनी कॉम्प्युटरवर हिशोब केला. तेव्हा मानेपाशी काँक्रीटच्या ताकदीपेक्षा जास्त ताण आला. जुन्या पद्धतीच्या हिशोबात हा धोका दिसतच नव्हता. तडे जिथं पडले होते, नवं गणित नेमकं तिथंच बोट ठेवत होतं.

मग वेस्टरगार्ड चुकला का?

सोपी पद्धत वापरणाऱ्या प्रत्येकानं हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा. वेस्टरगार्डनं विचारलेला प्रश्न होता, न वाकणाऱ्या भिंतीवर पाण्याचा किती जादा दाब येतो. त्याचं उत्तर त्यानं बरोबर दिलं होतं. अडचण तेव्हा होते, जेव्हा सूत्र हातोहात पुढं जातं आणि त्याच्यासोबतच्या अटी मागं राहतात. कोयनेच्या भिंतीला त्या अटी लागू नव्हत्या.

कोयनेनंतर अभियंत्यांनी सोप्या पद्धती सोडल्या नाहीत. त्यांनी अधिक चांगल्या सोप्या पद्धती बनवल्या. चोप्रांनी १९७८ मध्ये अशी रीत दिली की भिंतीचा डोलण्याचा फक्त पहिला, मुख्य प्रकार घ्यायचा, पाण्यामुळं डोलणं किती मंदावतं ते तयार तक्त्यातून बघायचं आणि मग मानेवरचा ताण काढायचा. पुढं फेनव्हज यांच्यासोबत त्यांनी त्यात पायाचा खडक आणि तळाचा गाळ यांचाही विचार घेतला. मोठं कॉम्प्युटर विश्लेषण करण्याआधी कोणतं धरण धोक्याच्या यादीत घ्यायचं, हे ठरवायला अशा रीती उपयोगी पडतात.

तड्याचंही तसंच झालं. वेस्टरगार्ड आणि आयर्विनचं गणित लोखंडाला छान बसतं. काँक्रीटमध्ये मात्र तड्याच्या टोकापुढं बारीक बारीक तड्यांचा एक पट्टा असतो आणि खडी दोन्ही बाजूंना धरून ठेवते. म्हणून १९७६ नंतर काँक्रीटसाठी वेगळी प्रारूपं आली. ही नवी प्रारूपं बरोबर आहेत की नाहीत हे तपासायला संशोधकांनी खरं उदाहरण शोधलं, तेव्हा जगात कोयनेइतकं चांगलं उदाहरण क्वचितच होतं. धक्क्याची नोंद आहे, भिंतीची मापं आहेत आणि तडे कुठं पडले हे ठाऊक आहे. १९९८ मध्ये ली आणि फेनव्हज यांनी काँक्रीटच्या नुकसानीचं जे प्रारूप मांडलं, तेही कोयनेवरच तपासलं. आज इंजिनिअरिंगच्या एका नावाजलेल्या सॉफ्टवेअरच्या सराव-उदाहरणांत कोयना धरण आहे आणि त्यात जलाशयाचा परिणाम घालायला वापरलाय तो वेस्टरगार्डचा भिंतीला चिकटलेला पाण्याचा तुकडा. फक्त आता त्याच्यासोबत भिंत वाकते हेही धरलेलं असतं.

प्रत्यक्ष कोयनेला तडे रसायन भरून बुजवले गेले, वरच्या भागात ताणलेले पोलादी दोर घालून भिंत आवळली गेली आणि मागच्या बाजूनं काँक्रीटचे आधार बांधले गेले. धरण आजही वीज देतं.

कर्वेनगरपासून नदीच्या वरच्या दिशेला, खडकवासल्याला, १९१६ पासूनची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था आहे. देशभरातल्या धरणांचे, त्यांच्या पाण्याचे आणि भूकंपातल्या वागण्याचे अभ्यास तिथं होतात. तिथल्या किंवा कुठल्याही अभियंत्यापुढं जुन्या धरणाचा कागद येतो तेव्हा पहिलं काम असतं ते जुना हिशोब वाचण्याचं. त्यात भूकंपाचा भार किती धरला होता, भिंत वाकते असं धरलं होतं का, उतार कुठं बदलतो, आणि पाण्याचा दाब कुणाच्या सूत्रानं काढला होता. बऱ्याचदा त्या शेवटच्या रकान्यात वेस्टरगार्डचं नाव असतं, आणि मग त्याच्या अटी या धरणाला लागू आहेत का, हे तपासायला सुरुवात होते.